पिंगुळीचे बाहुल्यांचे संग्रहालय: कोल्हापूरहून एका दिवसात

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय मी गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा आगाऊ फोन न करता गेलो होतो, त्यामुळे भिंतीवरच्या बाहुल्या वीस मिनिटांत पाहून परतावे लागले. यंदा राजारामपुरीतील दोन शेजारी कुटुंबांना बरोबर घेऊन, बाहुल्यांचा खेळ आधी ठरवून गेलो, आणि मागच्या खेपेस आपण जवळजवळ काहीच पाहिले नव्हते हे ध्यानात आले.

कोल्हापूरहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कुडाळ असा मार्ग धरला आणि पहाटे साडेपाचला निघालो, तर चहापाण्यासह दहाच्या सुमारास पोहोचता येते. पावसाळ्यात घाटातले धुके आणि रस्त्याची अवस्था यांची चौकशी करूनच निघावे. पिंगुळीत राऊळ महाराजांचा मठ सर्वांना ठाऊक असल्याने रस्ता विचारताना तीच खूण सोयीची पडते.

ठाकर समाजाच्या बाहुल्यांचे खेळ आणि चित्रकथी (चित्रे दाखवत कथा गाणे) या कलांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. तो गेल्यावर आणि करमणुकीची नवी साधने आल्यावर खेळ कमी झाले. बाहुल्या आणि पोथ्या घरोघरी पडून राहू लागल्या. परशुराम गंगावणे यांनी त्या जपल्या आणि २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि आज त्यांची पुढची पिढीही हेच काम करते. मोठ्या शहरातील वातानुकूलित दालनाची अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होईल. मला मात्र या वस्तू त्यांच्या माणसांच्या अंगणात पाहणेच योग्य वाटले.

येथे तीन गोष्टी निरखाव्यात: चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. चित्रकथीची पोथी म्हणजे बांधलेले पुस्तक नव्हे, तर एकाच कथेच्या सुट्या चित्रांचा संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. गाणारा एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक (लहान चर्मवाद्य) यांच्या साथीने प्रसंग गातो, आणि ओळ संपताच चित्र उलटतो. चित्रांतील मोठाल्या डोळ्यांची माणसे भिंतीवर काहीशी ताठर दिसतात. गाणे सुरू झाले की तोच ताठरपणा शोभू लागतो.

चामड्याच्या बाहुलीचेही तसेच आहे. हातात घेतली तेव्हा ती काळपट आणि सुकलेल्या पानासारखी भासली. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लागला, तसा तिच्यातला लाल रंग उजळला आणि दागिन्यांसाठी पाडलेल्या बारीक छिद्रांतून उजेडाचे ठिपके पडद्यावर उमटले. आमच्यातील आठ वर्षांची मुलगी, जी घाटभर उलट्यांनी बेजार होती, ती पडद्यापासून हलेना.

म्हणून माझा आग्रह एवढाच की, चार-पाच दिवस आधी फोन करून वेळ, खेळाचा प्रकार आणि मानधन ठरवूनच निघावे. कलाकार खेळांसाठी बाहेरगावी असू शकतात. आठ-दहा जण मिळून गेल्यास खर्च वाटला जातो. छायाबाहुल्यांना अंधार हवा, तेव्हा तो खेळ संध्याकाळी ठेवता येईल का, हे विचारावे. मात्र मग मुक्काम कुडाळलाच करावा, रात्री घाट चढू नये. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि जमल्यास एखादे चित्र विकत घ्यावे.

परतताना आम्ही सावंतवाडीला राजवाड्यातील गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि चितार आळीतील लाकडी खेळणी पाहिली व आंबोली, आजरा, उत्तूर, निपाणी या मार्गाने कोल्हापूर गाठले. या दोन्ही ठिकाणांसाठी दोन तास हाताशी ठेवावेत. आम्ही पाऊणच तास ठेवला होता आणि गंजिफा घाईत पाहाव्या लागल्या.