अंदाजपत्रकातली पगाराची ओळ : नगरसेविका म्हणून माझं पहिलं वर्ष

२०१७ च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी नगरपरिषदेचा शिपाई घरी आला. वहीवर माझी सही घेऊन विशेष सभेची नोटीस आणि अंदाजपत्रकाची प्रत देऊन गेला. २७ नोव्हेंबर २०१६ च्या मतदानात मी निवडून आले होते. सत्कार, समित्यांच्या निवडी यांत जानेवारी सरला होता. आमची नगरपरिषद ‘क’ वर्गाची, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आतली. त्याआधी मी नऊ वर्षं एका पतसंस्थेत लेखनिक होते, त्यामुळे आकड्यांची भीती वाटत नव्हती. तरी पहिल्या रात्री ती प्रत उघडून बसले आणि तासाभरानं मिटून ठेवली. आकडे वाचता येत होते, पण त्यांच्यामागची माणसं दिसत नव्हती.

ज्यांनी नगरपरिषदेचं अंदाजपत्रक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक बाबीसमोर, रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्षात काय झालं, चालू वर्षाचा मंजूर अंदाज काय होता, आतापर्यंत प्रत्यक्ष किती, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि शेवटी पुढच्या वर्षाचा अंदाज. सगळ्यांची नजर शेवटच्या रकान्यावर जाते. सभेत चर्चा त्याचीच होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमीही त्याचीच येते, ‘करवाढ नसलेलं शिलकी अंदाजपत्रक’ अशी. मला पतसंस्थेतल्या साहेबांनी लावलेली सवय वेगळी होती. आधी मंजूर आणि प्रत्यक्ष यांतली तफावत बघायची, मग पुढचं.

त्या तफावतीत पहिली गोष्ट दिसली ती पगाराची. आरोग्य-स्वच्छता, पाणीपुरवठा, बांधकाम, कर, अग्निशमन, सगळ्या विभागांच्या वेतनाचा पुढच्या वर्षाचा आकडा चालू वर्षाच्या बरोबर दहा टक्क्यांनी वाढवलेला होता. एकाही विभागात नऊ नाही की अकरा नाही. माणसं निवृत्त होतात, पदं रिकामी राहतात, कुणाला बढती मिळते. मग सगळीकडे दहाच टक्के कसे?

आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सदस्यांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, तुम्ही तुमच्या प्रभागाच्या रस्त्याला आणि गटारीला तरतूद आहे का तेवढं बघा. पगाराचं ऑफिस बघतं.” चार वेळा निवडून आलेला माणूस, मनानं चांगला. मला त्रास होऊ नये म्हणूनच ते तसं म्हणाले. पण झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात, गेले आणि मंजूर पदं, भरलेली पदं आणि जानेवारीचं पगारपत्रक मागितलं. तिथले लिपिक म्हणाले, “मॅडम, पगार ज्याचा त्याचा खासगी असतो. असा दाखवता येत नाही.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी घरी येऊन माहिती अधिकार अधिनियम, २००५ पुन्हा वाचला. त्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणानं स्वतःहून प्रसिद्ध करायच्या गोष्टींची यादी आहे. त्यात प्रत्येक अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला मिळणारं मासिक वेतन ही एक बाब आहे. म्हणजे जे कुणीही न मागता फलकावर लागायला हवं, तेच मी मागत होते. मुख्याधिकाऱ्यांना तसं पत्र दिलं. त्यांनी लगेच शेरा मारला, ‘दाखवावे’. कुणाच्या वेतनातून कर्जाचा कोणता हप्ता कापला जातो ते मी पाहिलं नाही, मला ते नकोच होतं. पद, मूळ वेतन, भत्ते आणि एकूण रक्कम, एवढंच उतरवून घेतलं.

पुढच्या तीन संध्याकाळी लेखापालांच्या टेबलाशेजारी बसून काढल्या. ते राज्यसंवर्गातले, म्हणजे शासनाच्या सेवेतले, वर्षभरापूर्वीच बदलून आलेले. सुरुवातीला तुटक बोलत होते. दुसऱ्या संध्याकाळी मी वार्षिक वेतनवाढीचा हिशेब स्वतः करून दाखवल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि शिकवायलाच बसले. त्यांच्याकडून समजलं की कायम कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा भाग शासनाच्या सहायक अनुदानातून भागतो. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली तेव्हा हातातलं हुकमी उत्पन्न गेलं, आणि तेव्हापासून या अनुदानाकडे डोळे लावून बसावं लागतं. वित्त आयोगाचा निधी येतो, पण तो पाणी, गटार, स्वच्छता, दिवाबत्ती अशा मूलभूत सेवांसाठी असतो. स्वतःच्या खिशातले पैसे म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजारफी. ठेक्यांची बिलं, निवृत्त माणसांची देणी, पाण्याच्या मोटारींचं वीजबिल आमच्याकडे याच खिशातून जात होतं. शिवाय महिला व बालकल्याण आणि दुर्बल घटक यांच्यासाठीचा राखीव हिस्साही याच उत्पन्नातून काढायचा.

ते मग हळूच म्हणाले, “मॅडम, उत्पन्न कमी आलं की कायम माणसाचा पगार उशिरा का होईना होतो. थांबतो तो ठेक्यावरच्यांचा.” हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

स्वच्छता विभागात मंजूर पदं ४८, कामावर २९. म्हणजे १९ पदं रिकामी, पण तरतूद जवळजवळ सगळ्या पदांची. हे पैसे वर्षभर तसेच पडून राहतात आणि मार्चमध्ये पुनर्विनियोजनाच्या, म्हणजे एका बाबीची तरतूद दुसरीकडे वळवण्याच्या, एका ठरावानं दुसऱ्या कामाला जातात. कुठल्या, ते बहुतेक सदस्यांना ठराव वाचल्यावरच कळतं. दुसरीकडे या १९ जणांचं काम करणारी माणसं ‘वेतन’ या शीर्षाखाली सापडतच नाहीत. ती सापडली घनकचरा ठेक्याच्या एका ओळीत: घंटागाडीवरचे, झाडणारे, नालेसफाईचे मिळून ५६ जण आणि त्यांच्यापुढे एक गोल रक्कम. त्यात मजुरी किती, डिझेल किती, ठेकेदाराचा नफा किती, काही फोड नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला हजेरी शेडवर गेले. मुकादम हजेरीपट भरत होते. एकाच गल्लीत झाडणाऱ्या दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या, एक कायम, एक ठेक्यावरची. कायम असलेल्या मावशींचं मूळ वेतन ग्रेड पे धरून आठ हजारांच्या घरात. सहाव्या वेतन आयोगातला महागाई भत्ता तोवर मूळ वेतनाच्या सव्वा पटीपर्यंत गेला होता, म्हणजे दहा हजार त्याचेच, वर घरभाडं भत्ता. दुसरीनं सांगितलेला आकडा त्याच्या निम्म्याहून कमी होता, आणि तोही तीन महिने मिळालेला नव्हता. “ठेकेदार म्हणतो, नगरपालिकेतून बिल निघालं की देतो,” ती म्हणाली. भविष्य निर्वाह निधी कापतात का विचारलं तर म्हणाली, कापतात. तिच्या मुलानं मोबाईलवर खातं उघडून दाखवलं. पाच महिने एक रुपयाही जमा नव्हता.

मला त्या दिवशी खूप राग आला होता, आणि आजही तो कमी झालेला नाही. तेव्हा लागू असलेल्या कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट होतं की ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, आणि नंतर त्यानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी. मुख्य मालक म्हणजे नगरपरिषद. म्हणजे आम्ही, सभागृहात बसणारे.

आता मला जमेची बाजू वेगळ्या नजरेनं बघावी लागली. मालमत्ता कराचा पुढच्या वर्षाचा अंदाज होता एक कोटी ७६ लाख. २०१५-१६ ची प्रत्यक्ष वसुली होती ७८ लाख. दोन वर्षांत एवढी उडी? लेखापालांनी मागणी रजिस्टर, म्हणजे कुणाकडून किती कर येणं आहे आणि किती आला त्याची नोंदवही, काढलं. चालू वर्षात डिसेंबरपर्यंतच एक कोटी ५२ लाख आले होते. कारण सगळ्यांना माहीत होतं. ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या, आणि जुन्या नोटांनी पालिकेचा कर भरायला काही दिवस मुभा मिळाली. आमच्या कर विभागासमोर तेव्हा रात्री उशिरापर्यंत रांगा होत्या. दहा-दहा वर्षांची थकबाकी लोकांनी शास्तीसकट आणून भरली. हा पैसा एकदाच येणारा होता. सुधारित अंदाजात एक कोटी ६० लाख धरले होते, ते ठीक. पण त्यावर पुन्हा दहा टक्के चढवून पुढच्या वर्षाचा आकडा केला होता.

मी साधा हिशेब मांडला. वर्षाची चालू मागणी एक कोटी १० लाख. मार्चअखेर उरणारी थकबाकी ९० लाख, त्यातली बरीच कोर्टात अडकलेली किंवा बंद घरांची. एकूण दोन कोटींतून एक कोटी ७६ लाख वसूल व्हायला हवेत, म्हणजे शंभरातले ८८. आमच्या गावात असं कधी झालेलं नव्हतं. खरी अपेक्षा एक कोटी १० लाखांच्या आसपासची. मग मधले ६६ लाख कागदावरचे, आणि त्यांच्या भरवशावर खर्च मात्र खरा. ते ६६ लाख आले नाहीत की कुणाचा पगार थांबणार, हे मी हजेरी शेडवर बघून आले होते.

एक काम राहिलं होतं, निवृत्तीचं. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) यांची तरतूद मागच्या वर्षीइतकीच होती. मी सेवापुस्तकांवरून जन्मतारखा काढून मागितल्या. चतुर्थ श्रेणीला ६० वर्षं, बाकीच्यांना ५८. पुढच्या आर्थिक वर्षात सात जण निवृत्त होत होते, मागच्या वर्षी दोन झाले होते. माणूस कोणत्या महिन्यात निवृत्त होणार हे तो नोकरीला लागतो त्याच दिवशी ठरतं. तरी आमच्याकडे निवृत्त लोक दोन-दोन वर्षं पैशांसाठी पायऱ्या झिजवत होते. सात जणांच्या अंदाजे रकमा काढल्या. तरतुदीच्या तिपटीहून जास्त निघाल्या.

सभेच्या आदल्या दिवशी मी चार उपसूचना, म्हणजे अंदाजपत्रकात सुचवलेले बदल, लेखी दिल्या. सभा दुपारी सुरू झाली ती दिवे लागेपर्यंत चालली. रिकाम्या पदांच्या तरतुदीतून निवृत्तांची देणी वाढवायची, ही पहिली उपसूचना एकमतानं मंजूर झाली. सात नावं वाचून दाखवल्यावर कुणी विरोध केला नाही. सगळे त्या माणसांना ओळखत होते. ठेक्याच्या बिलाला मागच्या महिन्याचं वेतनपत्रक आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याचं चलन, म्हणजे पावती, जोडल्याशिवाय बिल काढू नये, हीही मंजूर झाली. मजुरीची फोड वेगळी दाखवण्याची सूचना पुढच्या निविदेवर ढकलली गेली.

खरं भांडण मालमत्ता कराच्या आकड्यावर झालं. आकडा खाली आणला की खर्चाची बाजूही खाली येते, आणि कापायला हाताशी असतात ती प्रभागांतली कामं. “ताई, तुम्ही आमचे रस्ते कापताय,” एक सदस्य उभे राहून म्हणाले. त्यांच्या वस्तीत खरोखरच रस्ता नव्हता, पावसाळ्यात मुलं चिखलातून शाळेत जायची, त्यामुळे त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. मी एवढंच म्हणाले की जो पैसा येणारच नाही त्यातून तुमचा रस्ताही होणार नाही, आणि झाडणाऱ्या बाईचा पगारही थांबेल. शेवटी आकडा एक कोटी ३५ लाखांवर आणून तडजोड झाली. मी विरोध नोंदवला आणि इतिवृत्तात तो यावा असा आग्रह धरला.

त्या वर्षी प्रत्यक्ष वसुली झाली एक कोटी चार लाख.

सात निवृत्तांपैकी पाच जणांना वर्षाच्या आत पैसे मिळाले. दोघांची सेवापुस्तकं अपूर्ण होती, जुन्या नोंदींवर सह्याच नव्हत्या, त्यात आणखी वर्ष गेलं. ठेक्याच्या बिलाला पहिले चार महिने चलन जोडलं गेलं, पाचव्या महिन्यात नाही. मी लेखापालांना विचारलं तेव्हा त्यांनी बिल परत पाठवल्याचं दाखवलं. सहाव्या महिन्यात ते पुन्हा आलं. मग दर महिन्याच्या दहा तारखेला जाऊन चलन बघायचं हे मी ठरवूनच टाकलं, आणि २०२१ च्या अखेरीस मुदत संपेपर्यंत ते चालू ठेवलं. पुढे प्रशासक आले आणि माझा टेबलाशी संबंध संपला.

डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. परवा आमच्याच प्रभागातून निवडून आलेली एक मुलगी घरी आली होती. अंदाजपत्रकात काय बघू, म्हणून विचारत होती. मी माझी वही तिला दिली. आकडे आता जुने झाले, सातवा वेतन आयोग लागू झाला, दर बदलले. पण कुणाकडे काय मागायचं त्याची यादी तशीच उपयोगी आहे: आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता), पगारपत्रक, जन्मतारखा, मागणी रजिस्टर, ठेक्याचं चलन. तिला म्हटलं, फेब्रुवारीची वाट बघू नकोस, आताच पत्र दे. आणि आधी एकदा पहाटे हजेरी शेडवर जाऊन ये. ती म्हणाली, उद्याच जाते. मीही तिच्याबरोबर जाणार आहे.