'सुखाने नांदू लागले' याच्या पुढचं

'शाळेने मला काय दिलं' या विषयावर चार शब्द लिहा, असं शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं. शिस्त, संस्कार, वक्तशीरपणा यांवर बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. माझ्या वक्तशीरपणाबद्दल वर्गमित्रांचं मत छापलं न गेलेलंच बरं. मला शाळेने सिनेमा पाहायला शिकवलं, आणि पाहून झाल्यावर त्यावर भांडायलाही. तेव्हा इथे आवडत्या सिनेमांबद्दलच लिहितो, प्रेमाच्या आणि जगण्याच्या.

सभागृहात पांढरा पडदा लावून १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवायचे. रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं रीळ चढेपर्यंत मराठीच्या बाई उभ्या राहत. 'यातून काय बोध घेतलात' असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "आता पुढे?" मधल्या वेळात हा प्रश्न सोपा होता. पण सिनेमा संपल्यावर, नायक-नायिका एकत्र आल्यावर, आम्ही अंधारात चपला चाचपत असतानाही बाई तेच विचारत, "लग्न झालं. आता पुढे? भांडी कोण घासणार?" सभागृह हसून लोळायचं. माझी आवड मात्र तिथून जी वळली ती वळलीच. जमेल की नाही, एवढ्यावर ताणलेली प्रेमकथा मला आजही अर्धीच वाटते.

म्हणून माझ्या यादीत सगळ्यात वर सत्यजित राय यांचा 'अपुर संसार'. १९५९ सालचा. इथे लग्न आधी होतं, तेही अपघाताने. मित्राबरोबर लग्नाला पाहुणा म्हणून गेलेला अपू नवरदेव वेडा निघाल्यामुळे स्वतःच बोहल्यावर उभा राहतो. प्रेम त्यानंतर सुरू होतं, एका दरिद्री भाड्याच्या खोलीत. ते कसं दाखवलंय पाहा. मिठी नाही, गाणं नाही. सकाळी गजर होतो, अपर्णा उठायला जाते, तर तिच्या पदराला गाठ मारून ठेवलेली. ती उठून गेल्यावर अपूला उशीपाशी तिची केसातली पिन सापडते. सिगारेटच्या पाकिटात तिने चिठ्ठी ठेवलेली असते, दिलेल्या वचनाची आठवण करून देणारी. सौमित्र चॅटर्जी आणि शर्मिला टागोर या दोघांचाही हा पहिलाच चित्रपट, यावर विश्वास बसत नाही. संसार म्हणजे काय, हे एवढ्या थोड्या मिनिटांत दुसऱ्या कोणी सांगितल्याचं मला तरी माहीत नाही. आणि राय तिथेही थांबत नाहीत. अपर्णा बाळंतपणात जाते, अपू पोराचं तोंड पाहायलाही तयार नसतो, आणि उरलेला सिनेमा त्या बापलेकांचा होतो. प्रेम करणारा माणूस दुःखात किती आप्पलपोटा होऊ शकतो, हे राय त्याची बाजू न घेता दाखवतात.

आप्पलपोटेपणावरून देवदास आठवला. १९३५ चा बरुआंचा, १९५५ चा बिमल रॉय यांचा, २००२ चा भन्साळींचा, तिन्ही पाहिले. दिलीपकुमारचा आवाज कानात राहतो, हे मान्य. पण देवदासचं प्रेम पारोवर होतं की स्वतःच्या हालांवर, हा माझा प्रश्न कोणी सोडवलेला नाही. पारो दुसऱ्याच्या घरात जाऊन त्या घरची होते, सावत्र मुलांची आई होते. मला तिचा सिनेमा पाहायचाय.

'सैराट'बद्दल बोलताना लोक झिंगाटवर थांबतात. नागराज मंजुळे यांनी २०१६ च्या या सिनेमात सगळी गाणी पूर्वार्धात संपवून टाकली आहेत, ती उगाच नाही. उत्तरार्धात आर्ची आणि परशा परक्या शहरात येतात आणि तिथे संगीताने उचलून धरावं असं काही उरत नाही. वाड्यात वाढलेल्या मुलीला झोपडपट्टीतली खोली सोसत नाही. परशाच्या मनात संशय शिरतो, त्याचा हात उठतो. आर्ची निघून जाते आणि परत येते. शेवटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तो परत येण्याचा भाग मोठा वाटतो, कारण पळून जाताना तिला काहीच माहीत नव्हतं आणि परत येताना सगळं माहीत आहे.

रिचर्ड लिंकलेटर यांचे तीन चित्रपट, 'बिफोर सनराइज', 'बिफोर सनसेट' आणि 'बिफोर मिडनाइट', १९९५, २००४ आणि २०१३ साली आले. नऊ-नऊ वर्षांचं अंतर, तेच दोघे कलाकार, पात्रांबरोबर तेही वयाने वाढलेले. पहिल्या सिनेमातलं, व्हिएन्नात रात्रभर भटकणारं जोडपं सगळ्यांना आवडतं. माझा जीव तिसऱ्यावर आहे. त्यात हॉटेलच्या खोलीत एक लांबलचक भांडण आहे. कोणाचं करिअर मागे पडलं, कोणी कोणासाठी काय सोडलं, मुलांचं कोण पाहतं... नवरा-बायकोच्या खऱ्या भांडणासारखं ते एका विषयावर टिकत नाही, जुनी खाती उघडत जातं. पटकथेत इथन हॉक आणि ज्युली डेल्पी या दोघा कलाकारांचाही हात आहे, म्हणूनच बहुधा दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या आणि सारख्याच वैतागवाण्या वाटतात.

गुलजार यांचा 'इजाज़त' (१९८७) याच जातीचा. रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये वेगळे झालेले नवरा-बायको अचानक भेटतात. त्यातल्या गाण्यांवर कौतुक खूप झालं, ते योग्यच. पण त्या दोघांच्या किरकोळ बोलण्यात, त्याच्या विसराळूपणावरच्या तिच्या टोमण्यांत, मोडलेल्या संसाराची सवय अजून जिवंत आहे. ती मला कवितेपेक्षा जास्त बोचते.

बाईंच्या प्रश्नाला फक्त एका सिनेमाने गप्प केलं, चॅप्लिनच्या 'सिटी लाइट्स'ने. १९३१ साल, सगळीकडे बोलपट सुरू झालेले, आणि हा गृहस्थ मूकपटच काढतो. आंधळ्या फुलवालीला दृष्टी मिळते, समोरच्या फाटक्या भटक्याच्या हाताला हात लागतो आणि स्पर्शावरून ती ओळखते, ज्याला आपण श्रीमंत समजत होतो तो उपकारकर्ता हाच. तिच्या चेहऱ्यावर आनंद आहे का? की अपेक्षाभंग? चॅप्लिन नेमका तिथेच सिनेमा संपवतो. त्या दिवशी बाईंनी काहीच विचारलं नाही. आम्हीच घरी जाईपर्यंत वाद घालत होतो.

आणि जगण्याबद्दलचा एकच निवडायचा असेल तर अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू', १९५२. वर्षानुवर्षं कागदांवर शिक्के मारणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याला पोटाचा कॅन्सर आहे. सिनेमा सुरूच होतो त्याच्या पोटाच्या एक्स-रेवर. पोरांसाठी एक बाग करून घ्यायची, एवढं काम तो शेवटी हाती घेतो. गंमत अशी की हा नायक सिनेमा बराच शिल्लक असतानाच मरून जातो. पुढे त्याच्या फोटोसमोर बसून सहकारी दारू पितात, बागेचं श्रेय कोणाचं यावर हुज्जत घालतात, मग रडतात, यापुढे आपणही असंच काम करायचं अशा शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरी जशीच्या तशी. दुसऱ्या कोणी हा सिनेमा बागेच्या उद्घाटनावर संपवला असता. कुरोसावांनी 'आता पुढे?' हा प्रश्न पटकथेतच घातला.

माझा एक वर्गमित्र 'कासाब्लांका'चा कट्टर भक्त आहे. १९४२ चा तो विमानतळावरचा त्याग, नायकाने प्रेयसीला तिच्या नवऱ्याबरोबर पाठवून देण्याचा, आठवला की आजही त्याचा गळा दाटतो. मी म्हणतो, त्या विमानात नवऱ्याशेजारी बसून ती नायिका इल्सा काय बोलली असेल? मला तो सिनेमा हवाय. यावर तो मला रुक्ष म्हणतो. शाळेपासून हे चालू आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. सिनेमे पुन्हा सुरू करा. आधी भाषण नको, शेवटी निबंध नको, आणि श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका. सबटायटल्सची काळजी करू नका, मुलं दहा मिनिटांत सरावतात. सुरुवात 'इकिरू'ने मात्र नको. शिक्के मारण्याचा कंटाळा नववीतल्या मुलांच्या वाट्याला अजून यायचाय. 'अपुर संसार' लावा. प्रोजेक्टरचा खर्च आमची तुकडी उचलेल. निवड समितीवर त्या कासाब्लांकावाल्याला घेऊ नका, एवढीच अट.