लेस्टर बाजूला ठेवून रानिएरी

क्लाउदिओ रानिएरी या इटालियन फुटबॉल मॅनेजरचं नाव काढलं की समोरून एक प्रश्न हमखास येतो : "लेस्टरचा तो एक सीझन सोडला, तर त्यानं केलं काय?" विचारणारे बहुतेक जण मनापासून फुटबॉल बघणारे असतात, त्यामुळे प्रश्न जास्तच लागतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी लेस्टरचं, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. २०१५-१६ च्या सुरुवातीला लेस्टर सिटी इंग्लंडची सर्वोच्च लीग, म्हणजे प्रीमियर लीग, जिंकेल यावर सट्टेवाले एकाला पाच हजार देत होते. आदल्या वर्षी हा संघ खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचला होता. रानिएरीनं ती लीग दहा गुणांच्या फरकानं जिंकली. ३८ मॅचेसमध्ये फक्त तीन पराभव. त्याला लोक चमत्कार म्हणतात, आणि चमत्कार म्हटलं की करणाऱ्याचं कसब बाजूला पडतं. माझा आक्षेप तिथे आहे.

त्याचं कसब बघायचं तर इटलीच्या सार्डिनिया बेटावर जावं लागतं. १९८८ साली काल्यारी हा क्लब इटलीच्या तिसऱ्या श्रेणीत पडला होता. याच क्लबनं १९७० साली, जिजी रिव्हा या खेळाडूच्या जोरावर, इटलीचं विजेतेपद मिळवलं होतं, त्यामुळे तिथल्या लोकांना ते पडणं किती जाचत असेल याची कल्पना करा. रानिएरी तेव्हा छत्तिशीचा होता. रोममधल्या तेस्ताच्चो भागातल्या एका खाटकाचा मुलगा, खेळाडू म्हणून बरीचशी कारकीर्द दक्षिणेतल्या कातान्झारोकडून खेळलेला, मॅनेजर म्हणून नवखा. लागोपाठ दोन वर्षांत दोन बढत्या मिळवून त्यानं काल्यारीला सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत, आणलं आणि तिसऱ्या वर्षी तिथे टिकवलं. पैसा फारसा नव्हता. आहेत त्या खेळाडूंकडे बघून खेळ ठरवायचा, ही त्याची रीत तिथेच दिसली.

पुढे नापोली, मग फिओरेंतिना, जिला त्यानं सेरी बी या दुसऱ्या श्रेणीतून वर आणलं आणि १९९६ मध्ये इटालियन कप जिंकून दिला, मग व्हॅलेन्सिया, तिथे १९९९ चा स्पॅनिश कप. मग अॅटलेटिको माद्रिद. तिथे जमलं नाही. त्यानं मध्येच राजीनामा दिला आणि त्या सीझनअखेर संघ खाली गेला.

लंडनच्या चेल्सीतली चार वर्षं मात्र त्याच्यावर अन्याय करणारी ठरली. तो संघ सतत बदलतो म्हणून इंग्लिश वृत्तपत्रांनी त्याला 'टिंकरमॅन', म्हणजे सतत खुडबुड करणारा, हे नाव चिकटवलं. २००४ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मोनॅकोविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांचे दहाच खेळाडू उरले असताना त्यानं केलेले बदल अंगाशी आले, चेल्सी ३-१ नं हरली, आणि ते नाव कायमचं पक्कं झालं. त्यातला एक बदल होता तरुण रॉबर्ट हूथ. पण त्याच फेरीआधी त्यानं हायबरी या आर्सेनलच्याच मैदानावर जाऊन त्या मोसमात लीगमध्ये एकही मॅच न हरलेल्या आर्सेनलला बाहेर काढलं होतं. लॅम्पार्डला आणणं, टेरीला उभं करणं, माकेलेले, पेटर चेकचा करार, हे सगळं त्याच्याच काळातलं. त्याच्या जागी आलेल्या मोरिन्योनं पुढच्या वर्षी जिंकलेली लीग याच पायावर उभी होती. मोरिन्योचं मोठेपण मला मान्य आहे. पाया कुणी घातला हेही सांगायला हवं, इतकंच.

आणि हूथ? बारा वर्षांनी तो लेस्टरच्या बचावाचा खांब होता. २०१६ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीच्या मैदानावर लेस्टर ३-१ जिंकली, त्यात दोन गोल हूथचे. 'टिंकरमॅन' म्हणून हिणवलेल्या या माणसानं त्या वर्षी संघाला जवळपास हातच लावला नाही. जुना प्रशिक्षकवर्ग कायम ठेवला, खेळाडूंना आठवड्यात दोन दिवस सुट्टी दिली, आणि एकही गोल न खाता मॅच जिंकली तर पिझ्झा खिलवीन म्हणाला. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ते साधल्यावर सगळ्यांना पिझ्झेरियात नेलं आणि पीठ मळायला खेळाडूंनाच लावलं. संघ कधी बदलायचा आणि कधी नाही, हे ज्याला कळतं त्याला नशीबवान म्हणणं मला पटत नाही.

आता एक मॅच जवळून सांगतो. १८ एप्रिल २०१०, रोमा विरुद्ध लात्सिओ, रोम या एकाच शहरातले दोन क्लब. मी कोल्हापूरचा, पेठांच्या मॅचेस बघत वाढलेल्या माणसाला डर्बी म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. रोमा लीगमध्ये अव्वल, तिचा तेव्हाचा मॅनेजर रानिएरी स्वतः लहानपणापासून रोमाचा चाहता, आणि मध्यंतराला संघ एका गोलनं मागे. त्यानं तोत्ती आणि दे रोस्सी या दोघांनाही बसवलं. दोघं रोममध्ये जन्मलेले, एक कॅप्टन, दुसरा भावी कॅप्टन. हरला असता तर त्याला शहरात तोंड दाखवायला जागा उरली नसती. सामन्यात चिडून ते दोघं भान घालवतील हे त्यानं हेरलं होतं. मध्यंतरानंतर लात्सिओला पेनल्टी मिळाली, ती रोमाचा गोलकीपर जुलिओ सेर्जिओनं अडवली, आणि रोमाच्याच वुचिनिचनं दोन गोल करून मॅच २-१ अशी फिरवली. पुढच्याच आठवड्यात रोमा घरच्या मैदानावर साम्पदोरियाकडून हरली आणि अखेर दोन गुणांनी मिलानच्या इंटर या क्लबच्या मागे राहिली. मला ते अजून लागतं.

अपयशं मी लपवत नाही. ग्रीसचा राष्ट्रीय संघ घेऊन तो फॅरो बेटांकडून घरी हरला आणि लगेच पद गेलं. फुलहॅममध्ये, वॉटफर्डमध्ये काही साधलं नाही. लेस्टरनंही विजेतेपदानंतर दहा महिने व्हायच्या आत त्याला काढलं. त्याबद्दल बोलायला लागलो तर दुसरा लेख होईल.

माझं खरं उत्तर २०२३ मधलं आहे. एकाहत्तरीत तो पुन्हा काल्यारीला गेला, तेही संघ सेरी बीमध्ये चाचपडत असताना. लीग जिंकलेला माणूस या वयाला शांतपणे घरी बसू शकतो. वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये पार्माविरुद्ध ०-२ वरून ३-२. मग ११ जूनला बारीविरुद्ध, बारीच्याच सान निकोला मैदानावर, शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तरी बारी वर गेली असती. ९४ व्या मिनिटाला बदली आलेल्या पावोलेत्तीनं गोल केला. रानिएरी रडला. आणि काल्यारीचे प्रेक्षक बारीच्या लोकांना डिवचायला लागले तेव्हा तो त्यांच्यापुढे जाऊन हातवारे करत त्यांना थांबवायला लागला : हरलेल्यांचा मान राखा. आयुष्यातल्या इतक्या मोठ्या क्षणी समोरच्याचं दुःख ज्याला दिसतं, तो मॅनेजर मला ट्रॉफ्यांच्या यादीपेक्षा मोठा वाटतो. पुढच्या वर्षी संघ सेरी आमध्ये टिकवून त्यानं निवृत्ती घेतली.

ती टिकली नाही, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये रोमानं हाक मारली. संघ बाराव्या स्थानावर होता. ७३ वर्षांच्या रानिएरीनं तो पाचव्यावर नेला, चॅम्पियन्स लीगमधली जागा एका गुणानं हुकली. जून २०२५ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघासाठी विचारणा झाली, तेव्हा त्यानं नकार दिला. रोमाचा सल्लागार म्हणून काम करायचं त्यानं आधीच कबूल केलं होतं.