अ‍ॅनालायझर आत ढकलण्याआधी

थिन सेक्शन, म्हणजे काचेवर चिकटवलेला खडकाचा पारदर्शक पातळ काप, ध्रुवण सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या स्टेजवर ठेवला की बहुतेकांचा हात आधी अ‍ॅनालायझरकडे जातो. हा सेक्शनच्या वरचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी गाळणी. तो आत आला की रंगांची रांगोळी दिसते, डोळे सुखावतात आणि चुकाही तिथूनच सुरू होतात. माझ्या मते, अ‍ॅनालायझर बाहेर असतानाच सेक्शनमधली निम्मी खनिजं ओळखता यायला हवीत. उरलेल्यांसाठी रंग लागतातच, पण रंगांवर विश्वास ठेवायचा तो जाडी तपासल्यावर.

आधी यंत्राकडे पाहू. स्लाइड काढून अ‍ॅनालायझर आत घ्या. पटल, म्हणजे आयपीसमधून दिसणारं वर्तुळ, पूर्ण काळं दिसलं पाहिजे. करडं किंवा निळसर दिसत असेल तर दोन्ही पोलरायझर एकमेकांना काटकोनात नाहीत. मग बायोटाइट (काळा अभ्रक) असलेली स्लाइड घ्या, अ‍ॅनालायझर काढा आणि क्लीव्हेजच्या, म्हणजे खनिज ज्या समांतर पातळ्यांवर फुटतं त्यांच्या, रेघा स्पष्ट असलेला एखादा कण फिरवा. रेघा खालच्या पोलरायझरच्या दिशेला समांतर आल्या की बायोटाइट सर्वात गडद तपकिरी होतो. त्या वेळी रेघा क्रॉसहेअरच्या (आयपीसमधल्या काटकोनातल्या दोन तारांच्या) एका तारेवर नेमक्या बसायला हव्यात. टूरमलीन वापरत असाल तर हिशोब उलटा करा: त्याची लांबी पोलरायझरला काटकोनात आली की तो गडद होतो.

ऑब्जेक्टिव्हचं सेंटरिंग कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर 40× खाली कण फिरवताना तो पटलाबाहेर पळतो. क्रॉसहेअरवर एक ठिपका धरून स्टेज फिरवा. ठिपका वर्तुळात फिरत असेल तर तो केंद्रापासून सर्वात लांब गेल्यावर थांबा. निम्मं अंतर सेंटरिंग स्क्रूंनी भरून काढा, उरलेलं निम्मं स्लाइड सरकवून. दोन-तीन फेऱ्यांत जमतं.

आता साध्या ध्रुवित प्रकाशात, म्हणजे अ‍ॅनालायझर बाहेर ठेवून, बघायला लागा. स्टेजखालचा डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाची झडप, थोडा बंद करा. तो सताड उघडा असेल तर रिलीफ मरतो आणि गार्नेटसुद्धा सपाट वाटू लागतो. रिलीफ म्हणजे कणाची कडा आणि पृष्ठभाग किती उठून दिसतात ते. खनिजाचा अपवर्तनांक आणि भोवतालच्या इपॉक्सीचा, म्हणजे काप काचेला चिकटवणाऱ्या राळेचा, अपवर्तनांक (साधारण 1.54 ते 1.55) यांत जितकं अंतर जास्त, तितका रिलीफ जास्त. क्वार्ट्झचा अपवर्तनांक 1.544 ते 1.553, म्हणून तो इपॉक्सीत जवळजवळ विरघळून जातो. गार्नेटचा 1.7 च्या वर, म्हणून त्याच्या कडा जाड, काळ्या. पण फ्लोराइटही उठून दिसतो, आणि त्याचा अंक 1.434 म्हणजे इपॉक्सीपेक्षा बराच कमी. रिलीफ नुसता फरक सांगतो, तो वरचा की खालचा हे सांगत नाही.

ते सांगते बेके रेषा. कणाच्या कडेवर फोकस करा, डायफ्रॅम आणखी आवळा आणि स्टेज किंचित खाली न्या. कडेलगतची उजळ रेघ ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा अपवर्तनांक जास्त. ऑर्थोक्लेज या फेल्स्पारचा 1.518 ते 1.526, म्हणून क्वार्ट्झशेजारी त्याची रेघ क्वार्ट्झच्या आत जाते. जुळ्या स्फटिकांच्या पट्ट्या नसलेला फेल्स्पार आणि क्वार्ट्झ यांच्यातला घोळ इथेच सुटतो. हे काम 10× वर सुरू करा आणि लहान कणांसाठी 40× वर जा.

क्लीव्हेजच्या बाबतीत एकच गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ आहे. दोन क्लीव्हेजमधला कोन मोजायचा असेल तर कणाचा आडवा छेदच हवा, म्हणजे ज्यात दोन्ही संच बारीक आणि तितकेच ठळक दिसतात. त्यात पायरॉक्सीन सुमारे 87 आणि 93 अंश दाखवतो, अँफिबोल 56 आणि 124. लांबट छेदात दोघांतही एकाच दिशेच्या रेघा दिसतात. अशा कणावर कोन मोजून काढलेला निष्कर्ष कागदावर लिहूच नका.

आता अ‍ॅनालायझर आत घ्या, पण पहिली नजर क्वार्ट्झकडे. सेक्शनची प्रमाण जाडी 30 मायक्रॉन. खनिजात प्रकाशाचे दोन किरण होतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या जितका मागे पडतो ते रिटार्डेशन. ते येतं जाडी गुणिले बायरेफ्रिन्जन्स, म्हणजे त्या दोन किरणांच्या अपवर्तनांकांतला फरक. क्वार्ट्झचा कमाल बायरेफ्रिन्जन्स 0.009, त्यामुळे 30,000 नॅनोमीटरला 270 नॅनोमीटर येतात: पहिल्या ऑर्डरचा (रिटार्डेशन वाढेल तसे रंग फेऱ्याफेऱ्यांनी येतात, त्यांतल्या पहिल्या फेरीचा) पांढरा, फार तर पिवळसर झाक. क्वार्ट्झ ठसठशीत पिवळा दिसत असेल तर सेक्शन 40 मायक्रॉनच्या आसपास आहे, नारिंगी असेल तर 50 च्या. तिथे ऑजाइट (एक पायरॉक्सीन) ऑलिव्हिनसारखा नटलेला दिसेल आणि तुम्ही फसाल. घासताना कडा मधल्या भागापेक्षा पातळ होतात, म्हणून तीन-चार ठिकाणी पाहा. क्वार्ट्झ नसलेल्या बेसाल्टसारख्या खडकात हेच काम प्लॅजिओक्लेज फेल्स्पारकडून करून घ्या, तो राखाडी-पांढऱ्यातच राहायला हवा.

नवखे सर्वात जास्त अडखळतात ते इथे: एकाच कणाच्या रंगावरून निकाल लावतात. कण कोणत्या दिशेने कापला गेला त्यानुसार त्याचा रंग काळ्यापासून कमाल रंगापर्यंत काहीही असू शकतो. म्हणून त्याच खनिजाचे दहा-पंधरा कण पाहा आणि त्यांतला सर्वात वरचा रंग धरा. ऑजाइट (0.018 ते 0.033) दुसऱ्या ऑर्डरमध्ये थांबतो. ऑलिव्हिन (0.035 ते 0.052) दुसऱ्याच्या शेवटापासून तिसऱ्यात जातो, आणि त्याला ठळक क्लीव्हेज नसते, वेड्यावाकड्या भेगा असतात. त्या भेगांमध्ये बहुतेक वेळा सर्पेंटाइन भरलेलं असतं. बायोटाइटचा स्वतःचा तपकिरी रंग इतका जोरकस असतो की इंटरफेरन्सचा रंग त्याखाली झाकला जातो. तिथे रिटार्डेशननुसार रंग मांडलेल्या तक्त्याचा काही उपयोग नाही.

अ‍ॅनालायझरखाली फिरवताना कण मधूनमधून काळा होतो, म्हणजे विझतो. हा विझण्याचा कोन, म्हणजे एक्स्टिंक्शन अँगल, क्लीव्हेजपासून मोजतात. ऑर्थोपायरॉक्सीन लांबट छेदात समांतर विझतो, हॉर्नब्लेंड (एक अँफिबोल) तिरका पण बेताचा, आणि ऑजाइट बराच तिरका, 35 अंशांच्या वरही. हा कोनही कमाल रंग दाखवणाऱ्या कणांवरच मोजा. आडव्या छेदात दोन्ही क्लीव्हेजच्या मधोमध विझणं दिसतं, त्या आकड्याला अर्थ नाही.

प्लॅजिओक्लेजमधलं सोडियम-कॅल्शियमचं प्रमाण काढायला मिशेल-लेव्ही पद्धत आजही कामाची आहे. जुळ्या पट्ट्यांच्या कडा तलवारीच्या पात्यासारख्या असलेले कण निवडा, फोकस हलवला तरी कड सरकू नये. पट्ट्या उत्तर-दक्षिण असताना आणि 45 अंशांवरही सगळ्या सारख्याच उजळ दिसायला हव्यात. डावीकडे आणि उजवीकडे विझण्याचे कोन मोजा. त्यांत 5 अंशांहून जास्त फरक पडला तर तो कण सोडून द्या, नाहीतर सरासरी घ्या. असे आठ-दहा कण मोजून सर्वात मोठी सरासरी धरा. सरासऱ्यांची सरासरी काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. कमाल 15-16 अंश आली तर उत्तरं दोन निघतात: अल्बाइट (सोडियमचा प्लॅजिओक्लेज) किंवा अँडेसाइन (थोडं कॅल्शियमही असलेला). तेव्हा परत बेके रेषेकडे जा. अल्बाइटचा अपवर्तनांक क्वार्ट्झच्या खाली असतो, अँडेसाइनचा त्याच्या बरोबरीला किंवा वर.

जिप्सम प्लेट (रिटार्डेशनमध्ये ठराविक फरक पाडणारी सरकपट्टी) वापरायला सोपी आहे, तरी ती बऱ्याचदा खोक्यातच पडून राहते. लांबट कण विझवा, मग तो 45 अंश फिरवून त्याची लांबी प्लेटवर कोरलेल्या मंद (जास्त अपवर्तनांकाच्या) दिशेला समांतर आणा आणि प्लेट सरकवा. राखाडी कण निळा झाला तर लांबीची दिशा मंद, पिवळा-नारिंगी झाला तर जलद. अँडॅलुसाइट जलद, सिलिमनाइट मंद. रूपांतरित खडकात हा एक खुलासा फार मोलाचा ठरतो.

इंटरफेरन्स फिगरसाठी, म्हणजे कणातून एकवटलेला प्रकाश गेल्यावर दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांच्या आकृतीसाठी, पूर्ण फेरीत जवळपास काळाच राहणारा कण निवडा. 40×, कंडेन्सर वर, ही आकृती दाखवणारी बर्ट्रांड लेन्स आत. फिरवताना काळा क्रॉस अखंड राहिला तर एकअक्षीय (प्रकाश दुभंगत नाही अशी एकच दिशा, म्हणजे अक्ष, असलेला), उघडून दोन वक्र पट्टे झाले तर द्विअक्षीय. क्वार्ट्झसारखा दिसणारा, पण द्विअक्षीय कॉर्डिएराइट इथे पकडला जातो. 40× वर फोकसच होत नसेल आणि लेन्स काचेला टेकत असेल तर स्लाइड उलटी ठेवली आहे का ते आधी बघा.

काही फसवी मंडळी: सेक्शनमधलं भोक, काच आणि गार्नेट तिन्ही अ‍ॅनालायझरखाली काळी. भोकाला रिलीफ नसतो, आणि त्यात अडकलेले घासपुडीचे सिलिकॉन कार्बाइडचे कण झगझगीत रंग दाखवतात, त्यांना झिर्कॉन समजू नका. कॅल्साइट फिरवला की त्याचा रिलीफ कमी-जास्त होत लुकलुकतो. डोलोमाइटही तसाच वागतो. दोघांना वेगळं करायला अलिझरीन रेड एस हे रंगद्रव्य लावा, कॅल्साइट लाल होतो आणि डोलोमाइट तसाच राहतो.

यादी तयार झाली की त्यातली खनिजं एकमेकांशी नांदतात का ते बघा. मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हिन आणि क्वार्ट्झ, किंवा नेफेलीन आणि क्वार्ट्झ अशी जोडी तुमच्या यादीत एकाच अग्निजन्य खडकात आली असेल, तर दोघांपैकी एकाची फिगर पुन्हा काढा. नेफेलीन एकअक्षीय ऋण (अक्षाच्या दिशेत कंपणाऱ्या किरणाचा अपवर्तनांक कमी), क्वार्ट्झ एकअक्षीय धन (तोच जास्त).