वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कन्नड बाराखडी

सव्वीस वर्षं ज्या शेतात मी भाताची रोपं लावली, त्या शेताचा उतारा मला वाचता येत नव्हता. माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगाव तालुक्यात. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीची हद्द ओलांडली की सासर आलंच. पण हद्दीपलीकडं सातबारा मराठीत आणि अलीकडं आरटीसी कन्नडमध्ये. कन्नड लोक तिला पहाणी म्हणतात, आम्ही दोन्हीला उताराच म्हणतो. बाजारापुरतं कन्नड मला बोलता यायचं. बेळगावच्या गणपत गल्लीत अस्तराचा भाव करायला ‘एष्टु?’, किती, आणि ‘कडिमे माड्रि’, कमी करा, एवढं पुरतं. अक्षर मात्र एक ओळखीचं नव्हतं. कागद आला की मालकांकडं द्यायचा, मालक नसले तर दिराकडं, तोही नसला तर झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडं.

सासरे वारले आणि वारसा लावायची धावपळ सुरू झाली. साल २०२३. त्याच वर्षी ११ जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली होती, त्यामुळं घरात ठरलं की हेलपाटे मी मारायचे. मालकांचा रोजगारही बुडायला नको आणि तिकिटाचे पैसेही. एका कार्यालयात टेबलापलीकडच्या माणसानं कागद पुढं सरकवला, ‘ओदि सही माड्रि’, वाचून सही करा. मी नुसतीच सही केली. त्यानं मान वर करून विचारलं, ‘ओदाक बरंगिल्लेन्रि?’ वाचता येत नाही का. टोमणा नव्हता, साधंच विचारलं त्यानं. पण मी दहावी पास बाई, घरात शिलाईचा हिशेब ठेवते, भिशी चालवते. ‘येत नाही’ हे दोन शब्द तोंडातून बाहेर काढायला मला फार जड गेलं.

घरी येऊन पहिल्यांदा सोपा उपाय केला. पुतण्यानं फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं, कागदावर कॅमेरा धरला की कन्नडचं मराठी होतं. महिनाभर मी त्याच्यावर खूश. औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, सगळ्यावर फोन धरायचा. गमती पण व्हायच्या. उताऱ्यात ‘खराब’ असा एक रकाना असतो, लागवडीला न येणारी जमीन. आपल्याकडं पोटखराब म्हणतात तेच. अ‍ॅपनं त्याचं केलं ‘वाईट’. हसून सोडून दिलं. पण महिन्यानं एकदा फोन चार्जिंगला होता आणि बिल आलं, तेव्हा कळलं की आपण जिथं होतो तिथंच आहोत. पंधरा-वीस वेळा पाहिलेला शब्द डोळ्यासमोर होता आणि त्यातलं पहिलं अक्षरसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आयतं मिळत असलं की डोळा कामच करत नाही.

मग शिकायचंच ठरवलं. भाषा शिकवणारं जे प्रसिद्ध अ‍ॅप सगळे सांगतात, त्यात मी बघितलं तेव्हा कन्नड नव्हतंच. पुण्याच्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘काकू, तुला अर्धं येतंयच की. क्रम तोच आहे, अ आ इ ई, क ख ग घ. फक्त चेहरे नवे.’ मग त्यानं एक गोष्ट सांगितली, ती मला भारी आवडली. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांच्या क्रमांकात ८९६ चा फरक. ख आणि ख मध्येही ८९६. ग मध्येही तेवढाच. म्हणजे दोन लिप्या जणू समोरासमोरच्या दोन चाळी, खोल्यांचे क्रमांक सारख्याच ओळीनं लावलेले. त्यामुळंच लिपी बदलणारी साधनं सहज काम करतात. ‘अक्षरमुख’ नावाचं एक फुकटचं साधन आहे, त्यात कन्नड मजकूर चिकटवला की तोच मजकूर देवनागरीत मिळतो. भाषांतर नाही, नुसती लिपी बदलते. हे मला हवं होतं. अर्थ सांगणारा नको होता, माझं वाचन बरोबर की चूक एवढं तपासणारा हवा होता.

माझं खरं पुस्तक म्हणजे सीबीटीवरच्या, बेळगावच्या मोठ्या बसस्थानकावरच्या, बसच्या पाट्या. कारण तिथं उत्तर आधीच माहीत असतं. खानापूरची गाडी कुठं लागते हे ठाऊक, मग पाटीवर लिहिलंय तेच खानापूर. रोज चार पाट्यांचे फोटो काढायचे आणि घरी मशीनजवळ बसून अक्षरं फोडायची. शिरोरेषा नाही, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर एक छोटं तुरेदार वळण असतं, त्याला तलकट्टु म्हणतात. जोडाक्षर शेजारी न लिहिता खाली लोंबतं. आपली चिकोडी कन्नडमध्ये चिक्कोडी, निपाणीची निप्पाणी, आणि हुक्केरी आहेच. तिन्ही पाट्यांवर खाली एकेक पिल्लू लटकलेलं. हुब्बळ्ळीला तर दोन. रफार सगळ्यात फसवा. तो आधी न येता मागाहून येतो, म्हणून गाडीच्या अंगावरचं ‘कर्नाटक’ मी कितीतरी दिवस ‘कनार्टक’ वाचत होते.

आणि धारवाडची पाटी. कन्नडमध्ये द आणि ध जवळजवळ एकच. द च्या तळाला एक बारीक उभी चीर मारली की ध होतो. प-फ, ड-ढ, ब-भ यांचंही तसंच. सगळ्या अक्षराला नवं रूप न देता नुसती चीर मारून श्वास भरायचा, ही युक्ती मला शिंपीणबाईला लगेच पटली. आम्हीही कापडाला खूण करायला असंच कात्रीचं टोक लावतो. ध मी धारवाडच्या गाडीवर शिकले.

पाठ राहण्यासाठी पुतण्यानं ‘अँकी’ लावून दिलं. पत्त्यांसारखी पानं असतात, एका बाजूला पाटीचा फोटो, दुसऱ्या बाजूला देवनागरी. आठवलं तर ते पान चार दिवसांनी येतं, मग दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं. विसरलं तर लगेच परत. आठवलं की नाही हे बटण आपणच दाबायचं, म्हणजे लबाडी केली तर फसणार आपणच. रोज दहा नवी पानं, भाकरी थापून झाल्यावर वीस मिनिटं. मधे आठ दिवस नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेले आणि परत आल्यावर दोनशेच्या वर पानं साठलेली. भिशीचे हप्ते थकल्यावर जसं तोंड चुकवावंसं वाटतं तसं झालं. दोन दिवस अ‍ॅप उघडलंच नाही. शेवटी नवी पानं बंद केली आणि जुनीच फेडत बसले.

घरातही बोलणी खाल्ली. एक चुलत सासरे ओट्यावरून म्हणाले, ‘आता म्हातारपणी कन्नड शिकतोस व्हय? आमी जन्मभर मराठीसाठी मोर्चे काढलो.’ मी म्हटलं, ‘मोर्चाला पण येतो की मामंजी. पण उतारा कन्नडमध्ये हाय तवर वाचाय नको काय?’ ते गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

अक्षरं दोन महिन्यांत आली. खरं तंगवलं ते आवाजानं. शिलाईवाल्यांचा एक ग्रुप आहे फोनवर, उत्तर कर्नाटकातल्या बायका कटिंगचे फोटो टाकतात. पूर्वी मी नुसते फोटो बघायची. आता खालचं अक्षर अक्षर लावून वाचायला लागले आणि एकदा धाडस करून आवाजात एक प्रश्न टाकला. धारवाडच्या एका बाईंनी वेगळा मेसेज केला. त्यांची सून सांगलीची, त्यांना तिच्याशी मराठी बोलायचं होतं. सौदा ठरला. त्या मला रोज दहा कन्नड शब्द लिहून पाठवणार, मी वाचून आवाज पाठवणार; मी त्यांना मराठी वाक्यं पाठवणार. आम्ही अजून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, ‘नम्मूरल्लि दोड्ड केरे ऐति.’ आमच्या गावात मोठं तळं आहे. पलीकडून हसण्याचाच मेसेज आला. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक आखूड, एक लांब. आखूड ए चं केरे म्हणजे तळं, लांब ए चं केरे म्हणजे धामण. आमच्या गावात मोठी धामण आहे असं मी कौतुकानं सांगत होते. बेळे पण तसंच, आखूड म्हटलं तर शेतातलं पीक, लांबवलं तर डाळ. मराठीत हा फरक नाही, म्हणून आमच्या कानालाच तो कळत नाही. अ‍ॅपनं हे मला कधी शिकवलं नसतं. अ‍ॅपला मी काय म्हणायचा प्रयत्न करतेय याच्याशी देणंघेणं नाही, बाईंना होतं. त्याच बाईंनी सांगितलं की माझं बाजारातलं ‘बर्रि’ पुस्तकात ‘बन्नि’ असतं, ‘ऐति’चं ‘इदे’ होतं, म्हणून वाचताना आपण शिकलेलं सगळं खोटं होतं की काय असं वाटून घाबरायचं नाही.

वाचनाला शाळेची पुस्तकं घेतली. कर्नाटकची क्रमिक पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. कन्नड विकिपीडियाही वाचते, पण माहीत असलेल्याच गोष्टींवरचं. हलशी, नंदगड, संगोळ्ळी रायण्णा. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दाला धरायला काठी मिळते. आणि अधूनमधून घरचाच शब्द भेटतो, तुप्प म्हणजे आपलं तूप, अक्क म्हणजे अक्का. मशीनवर बसले की आकाशवाणी धारवाड लावते. निम्मं कळतं, निम्मं सुईखालून जातं.

मग पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एका रात्री मी उतारा काढला. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पामुळं उतारे संगणकावर आले, २००० सालच्या सुमारास; आता जिल्ले, तालूकु, होबळि, ग्राम असं एकेक निवडून सर्व्हे नंबर घातला की घरबसल्या दिसतो. मी तो फोनवर उघडून ओळीनं वाचत गेले. विस्तीर्ण कळलं. कंदाय म्हणजे सारा, तेही कळलं. मग स्वाधीनदाराचा रकाना, म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात त्याचं नाव.

आमच्याकडं सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्यामुळं इथंही पूर्ण लिहीत नाही. ते ‘धों’नं सुरू होतं एवढं सांगते. दोन बोटांनी अक्षर मोठं केलं. चीर नव्हती. फोनची काच पुसली, परत मोठं केलं. धारवाडच्या पाटीचा जुना फोटो काढून शेजारी बघितला. तिथं चीर, इथं नाही. उताऱ्यावर ‘दों’ होतं. मृत्यूच्या दाखल्यावर ‘धों’. मग ते कॅमेऱ्याचं अ‍ॅप मुद्दाम धरून बघितलं, तर त्यानं मराठीत झकास ‘धों’ लिहून दाखवलं. बिचाऱ्यानं परस्पर दुरुस्ती केली होती. वर्षभर मी त्याच्याच भरवशावर बसले असते तर ही चूक मला कधी दिसलीच नसती.

उताऱ्याचा फोटो मी बाईंना पाठवला नाही. घरचे जमिनीचे कागद कुणालाच पाठवायचे नाहीत, हा माझा नियम आहे. फक्त ते पहिलं अक्षर कागदावर काढून पाठवलं. उत्तर आलं, ‘इल्लि द ऐति, ध अल्ल.’ इथं द आहे, ध नाही. मालकांना उठवलं. ते म्हणाले, ‘एवढ्याशा रेघेनं काय होतंय? बाबांचंच नाव हाय की.’ आणि कुशीवर वळले. चूक कधी, कुणाच्या हातून झाली कुणास ठाऊक, पण वारशाच्या कागदांत एका ठिकाणी द आणि एका ठिकाणी ध असता तर परत हेलपाटे आलेच असते.

प्रतिज्ञापत्र, अर्ज, तीन फेऱ्या, एकदा गेले तर साहेबच नाहीत. ते सगळं नेहमीसारखंच झालं. शेवटच्या फेरीत टेबलापलीकडं तोच माणूस होता. त्यानं अर्ज ओढून नाव लिहायला पेन उचललं. मी म्हटलं, ‘नानु बरीतिनि.’ मी लिहिते.

सव्वीस वर्षांत जे नाव तोंडानं घेतलं नव्हतं ते मी तिथं उभ्यानं, कन्नडमध्ये, स्वतःच्या हातानं लिहिलं. चीर जरा मोठीच मारली.