उघडा पुठ्ठा

नॉर्वेचा चित्रकार मुंक याच्या ‘द स्क्रीम’ची, म्हणजे ‘किंकाळी’ची, नक्कल पुठ्ठ्यावर चाललीय, पण रंगवून झालेल्या भागाकडे लक्षच जात नाहीये. डोळे वळतात ते राहिलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याकडे, आणि हात आपोआप ब्रश शोधायला लागतो.

मुंकच्या १८९३ च्या ‘द स्क्रीम’ला कॅनव्हास नाहीच. ९१ बाय ७३.५ सेंटिमीटरचा पुठ्ठा, त्यावर तैलरंग, टेम्परा, पेस्टल. आणि जागोजागी पुठ्ठ्याचा तपकिरी रंग तसाच उघडा. आकाशातले शेंदरी पट्टे त्या तपकिरीमुळेच एकमेकांना धरून राहतात. जेसोवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपावर, तोच शेंदरी नुसता भडक दिसतो. म्हणून जेसो नको. पातळ मॅट मीडियमचा (सुकल्यावर पारदर्शक, बिनचमक होणाऱ्या द्रवाचा) एकेक हात द्यायचा, तोही दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला दिला तर ती बाजू पाणी पिऊन फुगते, सुकताना आक्रसते आणि पुठ्ठा वाकतो.

आधी पाण्याचे रंग, ते पूर्ण सुकल्यावर तेलखडू. उलटं केलं तर मेणकट रेषेवर रंग धरतच नाही. नारिंगी ओला असताना त्याला निळा भिडला की चिखल होतो, म्हणून दोन पट्ट्यांमध्ये बारीकशी फट सोडायची. पुन्हा फट! तीच तर बघवत नाही. जिथे रंग नाही तिथे मी काही केलंच नाही, असं वाटत राहतं. इतकं समजूनही हात अडतो याचं फार वाईट वाटतं. शाळेत चित्राचा कोपरा न् कोपरा भरल्याशिवाय... जाऊ दे.

चित्रातल्या वाटेचा कठडा मात्र पट्टी लावूनच. आकाश, फ्योर्ड (समुद्राची अरुंद खाडी), समोरच्या किंचाळणाऱ्या आकृतीचं अंग, सगळं एकाच वळणाने वाहतं. कठड्याची तिरकी रेघ ढिली पडली तर ते वाहणं कळतच नाही. वाटेवर मागे दिसणारी दोन माणसंही ताठच हवीत.

तोंड फार मोठं उघडायचा मोह आवरायला हवा. निसर्गातून आरपार गेलेली किंकाळी जाणवली, असं मुंकनेच लिहून ठेवलंय. म्हणजे ती ऐकू नये म्हणून ही आकृती कान झाकतेय! हात कानांवर घट्ट बसले की तोंडाला लहानसा लांबट गोल पुरतो.

असो. कोरी जागा बघून जीव अस्वस्थ होतोय, तर होऊ दे. तसंच काम करता येतं. आकृतीच्या अंगावर आता गडद निळ्या तेलखडूचे दोन-तीन फराटे, बस्स. उद्या उजव्या कडेचा उभा लालसर पट्टा: सपाट ब्रश, रंग जरा घट्ट, वरून खाली एका दमात.