दिवाळी पहाट, ललत आणि फराळ

पाडव्याला पहाटे पाचला रिक्षा कुठली मिळायला, मग सगळा ग्रुप एकाच गाडीत कोंबून दिवाळी पहाटेच्या मैफलीला पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिरात पोचलो. बाहेर पैठण्या, सिल्कचे कुर्ते, गजरे आणि निम्मी जनता सेल्फीत (आम्हीपण काढलाच म्हणा).

पण गाणाऱ्या बाईंनी ललत राग सुरू केला आणि खरंच काटा आला हो अंगावर. या रागात पंचम (प) नाहीच, म्हणून तानपुरा मध्यमात (म) लावतात आणि शुद्ध न् तीव्र (जरा चढा) असे दोन्ही मध्यम एकामागोमाग एक येतात, ते ऐकताना अजून पुरतं उजाडलेलं नाहीये असं काहीतरी वाटत राहतं. एरवी मैफली सगळ्या संध्याकाळच्या, त्यामुळे यमन, मारवा असे संध्याकाळचे राग भरपूर कानावर पडतात पण ललत, भैरव, तोडी हे सकाळचे राग समोर बसून ऐकायला मिळणार कधी? पूर्वी सवाई (पुण्यातला सवाई गंधर्व संगीत महोत्सव) रात्रभर चालायचा, उजाडेपर्यंत लोक बसून असायचे, बाबा अजून सांगतात, आता रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंदीचा नियम आल्यापासून ते रात्रभराचं प्रकरण संपलंच. निवेदकांनी मात्र जरा आवरतं घेतलं असतं तर अजून एक बंदिश झाली असती, असं माझं स्पष्ट मत.

नंतर कोथरूडला मैत्रिणीकडे फराळ. चकल्या घरच्या, अनारसे चितळ्यांचे आणि ते तिने आधीच कबूल केलं, वाद मिटला. एकाने तीव्र मध्यम लावायचा प्रयत्न केला, तो कुठे लागला ते सोडून द्या. डिसेंबरात सवाईला कोण कोण येतंय ते आत्ताच सांगा, आयत्या वेळी सीझन तिकीट मागायचं नाही!